टर्मिनलवर 'पुणे' दिसेपर्यंत

पेठेतल्या एका जुन्या ग्रंथालयाची पुस्तकसूची नव्या लिनक्स सर्व्हरवर आणायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांचा समज एकच होता: आता सगळं युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) आहे, मराठी आपोआप दिसेल. मोबाइलवर दिसतंच की! सर्व्हर डेबियन या लिनक्सच्या प्रकाराचा, भाड्याचा. त्यावर जायचं ते टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून. मी कोथरूडहून घरच्या उबुंटू या दुसऱ्या लिनक्सवरून त्यावर जात असे, ग्रंथपाल मॅडम ग्रंथालयातल्या विंडोज मशीनवरून पुटी या दूरच्या मशीनला जोडणाऱ्या प्रोग्रॅमने, आणि संध्याकाळी मदतीला येणारा एक विद्यार्थी त्याच्या मॅकवरून. चाचणीसाठी मी एक फाइल केली. नाव 'पुणे', आणि आतही तेवढाच एक शब्द.

मॅकवर लॉगिन होताच बॅश (आज्ञा घेणारा प्रोग्रॅम) आणि पर्ल (स्क्रिप्टची भाषा) दोघांनी इशाऱ्यांची माळ लावली. पुटीत फाइल उघडली तर डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्यापुढे चलनाचं ते चार शिंगांचं गोल चिन्ह, पुन्हा तोच ए, मग येन, मग पौंड. मॅडम म्हणाल्या, "अहो, हे किमती दाखवतंय का?" माझ्याकडे 'कॅट' (फायलीतला मजकूर दाखवणारी आज्ञा) केलं की 'पुणे' स्वच्छ दिसायचं, पण 'एलएस' (फायलींची नावं दाखवणारी) केलं की त्याच नावाच्या जागी नुसते आकडे: ३४० २४४ २५२, ३४० २४५ २०१, ३४० २४४ २४३, ३४० २४५ २०७.

आकडे बघून मला हायसं वाटलं. म्हणजे फाइल धड होती. यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड बाइटमध्ये लिहायची रीत, तीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. अष्टमान (० ते ७ आकड्यांच्या) पद्धतीत लिहिलं तर पहिला बाइट कायम ३४०, दुसरा २४४ किंवा २४५, आणि तिसऱ्यावरून अक्षर ठरतं. प, उकार, ण, मात्रा अशी चार चिन्हं, म्हणून बारा बाइट. ही चाल एकदा नजरेत बसली की बिघाड कुठे आहे ते अर्धं तिथेच कळतं. पुटीतले येन आणि पौंडही हेच बाइट होते. जुन्या पश्चिम युरोपीय संचात २४५ म्हणजे येन आणि २४३ म्हणजे पौंड. मॅडमच्या पुटीत कुणीतरी कधीकाळी तोच संच निवडून ठेवला होता.

युनिक्समधून टर्मिनलकडे जाणाऱ्या बाइटवर 'मी अमुक लिपीतला' अशी चिठ्ठी लावलेली नसते. फायलीत बाइट असतात. प्रोग्रॅम लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरसंचाची सेटिंग, बघून त्यांचा एक अर्थ लावतो. टर्मिनल स्वतःच्या सेटिंगप्रमाणे दुसरा लावतं. हे तिघं एकमेकांना काही विचारत नाहीत. यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये प्लॅन नाइन या प्रणालीसाठी बांधलं, आणि त्याची खुबी अशी की आस्की या जुन्या इंग्रजी अक्षरसंचाचं एकही अक्षर त्यात बदलत नाही. त्यामुळेच इंग्रजी काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतं आणि मराठीचा पहिला शब्द आला की सगळ्या भानगडी एकदम वर येतात.

या कामात मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती साधी आहे. 'कॅट'ला लोकेलशी काही देणंघेणं नसतं, ते बाइट जसेच्या तसे पुढे ढकलतं. 'एलएस' मात्र टर्मिनलवर लिहिताना, हे चिन्ह छापण्याजोगं आहे का, असं लोकेलला विचारतं. म्हणून 'कॅट' बरोबर आणि 'एलएस' चूक असेल तर दोष सर्व्हरच्या लोकेलमध्ये. 'कॅट'सुद्धा चूक असेल तर टर्मिनल तपासा, नाहीतर फाइल. फायलीचा संशय असला तर 'ओडी' चालवून बाइट बघायचे. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवरून निष्कर्ष काढायचाच नाही. नाहीतर होतं असं, की पुटीत घाण दिसते म्हणून कुणीतरी धडधाकट फाइल 'आयकॉन्व्ह' या अक्षरसंच बदलणाऱ्या आज्ञेमधून काढतं, आणि मग ती खरोखरच बिघडते.

सर्व्हरवर 'लोकेल चारमॅप' विचारलं तर उत्तर आलं: एएनएसआय एक्स३.४-१९६८. नव्याकोऱ्या मशीनवर १९६८ सालचं मानक! म्हणजे निव्वळ आस्की. टीमक्स, म्हणजे एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम, तर सुरूच होईना. यूटीएफ-८ लोकेल हवी आणि तुमच्याकडे हे आहे, असं तेच नाव तोंडावर फेकून बंद व्हायचं. कारण असं की माझ्या लॅपटॉपवर लँग हा चल (लोकेलचं नाव ठेवणारी सेटिंग) भारतीय इंग्रजीवर होता. डेबियन-उबुंटूचं एसएसएच (सर्व्हरला जोडणारा प्रोग्रॅम) तो आपणहून सर्व्हरकडे पाठवतं आणि सर्व्हर तो मुकाट घेतो. पण सर्व्हरवर ती लोकेल तयारच केलेली नव्हती. नाव माहीत, माल नाही. अशा वेळी सी लायब्ररी, जिच्यावर बहुतेक प्रोग्रॅम उभे असतात, ती गुपचूप 'सी' या निव्वळ आस्कीच्या लोकेलवर येते.

मॅकची गोष्ट आणखी गमतीची. मॅकचं टर्मिनल एलसी सीटाइप या चलात नुसतं 'यूटीएफ-८' एवढंच भरून पाठवतं. मॅकवर ते चालतं, लिनक्सवर या नावाची लोकेल नसते. म्हणून ती इशाऱ्यांची माळ. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये 'सुरू होताना लोकेलचे चल भर' अशा अर्थाची एक खूण असते, ती काढली की थांबतं. पण दरवेळी नवा मुलगा, नवा मॅक, आणि पुन्हा तेच समजावणं, यापेक्षा मी सर्व्हरच्या एसएसएच सेटिंगमधली बाहेरून लँग आणि एलसी चल स्वीकारणारी ओळच बंद केली. सर्व्हरची लोकेल सर्व्हरने ठरवावी, पाहुण्याने नाही, असं माझं मत आहे. बहुभाषिक लोक वापरत असलेल्या विद्यापीठाच्या मशीनवर हे पटणार नाही, पण इथे सगळे मराठीच.

मग लोकेल तयार करणं. डेबियनमध्ये 'डीपीकेजी रीकॉन्फिगर लोकेल्स' चालवलं की तो निळा पडदा येतो आणि लांबलचक यादीत स्पेसबार दाबून खुणा करायच्या. मराठीची ओळ शोधताना एक बारकावा आहे. अमेरिकी इंग्रजीच्या नावातच टिंब देऊन यूटीएफ-८ लिहिलेलं असतं. मराठीच्या नावात ते नसतं, नुसतं 'एमआर, अधोरेषा, आयएन', आणि यूटीएफ-८ शेजारच्या रकान्यात. इंग्रजीचं बघून तसंच शोधायला गेलं तर मराठी यादीतच नाही असं वाटतं. मराठी आणि भारतीय इंग्रजी अशा दोन खुणा केल्या. त्यानंतर पुन्हा लॉगिन करावं लागतं, आधीच उघड्या खिडकीत काहीच बदलत नाही.

खरा वाद पुढे होता: कुठल्या कप्प्यात कुठली लोकेल? कारण लोकेल म्हणजे एक बटण नसतं. अक्षरसंचाचा कप्पा वेगळा, क्रमवारीचा वेगळा, तारखेचा, संदेशांचा, आकड्यांचा, चलनाचा वेगळा. लँग म्हणजे सगळ्यांसाठीचा मूळ ठराव, प्रत्येक एलसी चल आपापल्या कप्प्यापुरता तो बदलतो, आणि एलसी ऑल सगळ्यांना झाकून टाकतो. मॅडमची इच्छा, सगळं मराठीत हवं. संस्थेला अभिमान वाटेल. मी सरसकट मराठीच्या विरोधात होतो आणि कारण दाखवता येत होतं. तारखेचा कप्पा मराठी केला की 'डेट' महिन्याचं नाव देवनागरीत देतं. दिसायला छान. पण आधीच्या कंत्राटदाराने ठेवलेली बॅकअपची स्क्रिप्ट महिन्याचं इंग्रजी नाव वाचून जुन्या फायली उडवत असे. तिला मराठी महिना दिला तर ती काय उडवेल, याचा भरवसा नाही. संदेशांचंही तसंच. बहुतेक प्रोग्रॅमचे संदेश मराठीत झालेलेच नाहीत, आणि जे आहेत ते इंटरनेटवर शोधायला गेलं तर उत्तर सापडत नाही.

शेवटी ठरलं ते असं. सर्व्हरची मूळ लोकेल 'सी डॉट यूटीएफ-८'. हिच्यात भाषा कुठलीच नाही, क्रमवारी बाइटप्रमाणे, तारखा इंग्रजीत, पण अक्षरसंच यूटीएफ-८. डेबियनमध्ये ती पूर्वीपासून होती. मूळ जीएनयू सी लायब्ररीत मात्र ती २०२२ च्या २.३५ आवृत्तीत आली, त्यामुळे रेड हॅट या दुसऱ्या लिनक्सच्या जुन्या मशीनवर ती असेलच असं धरून चालू नये. मॅडमच्या खात्यापुरता तारखेचा कप्पा मराठी. त्या लॉगिन करून 'डेट' टाइप करतात, मराठी महिना बघतात आणि खूश होतात. एलसी ऑल कुठल्याच फायलीत कायमचा लिहायचा नाही, एखाद्या आज्ञेपुढे त्या वेळेपुरता चालेल. तो कायमचा बसवला की पुढे कुणी एखादा कप्पा बदलायला गेलं तर काहीच बदलत नाही आणि बिचारा तासभर डोकं खाजवतो.

पुटीचं काम दोन मिनिटांचं. विंडोखाली ट्रान्स्लेशन, तिथे यूटीएफ-८. फक्त तेवढ्यावर थांबलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पौंड आणि येन. परत वर सेशनच्या पानावर जाऊन, आपल्या सर्व्हरचं नाव निवडून, 'सेव्ह' दाबावं लागतं. हे मी मॅडमच्या टेबलावर चिठ्ठी चिकटवून ठेवलं.

बॅकस्पेसचा किस्सा मात्र जवळून बघण्यासारखा आहे. विद्यार्थी 'कॅट' चालवून थेट फायलीत एक शीर्षक टाइप करत होता. चुकलं म्हणून त्याने एकदा बॅकस्पेस दाबलं. पडद्यावर अक्षर गेलं. फाइल 'ओडी'ने पाहिली तर शेवटच्या अक्षराचे तीनपैकी दोन बाइट तसेच मागे राहिलेले. अशा वेळी ओळ कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ताब्यात असते, आणि कर्नलला लोकेल माहीत नसते. त्याला वेगळं सांगावं लागतं: 'एसटीटीवाय आययूटीएफ८'. लिनक्समध्ये ही सोय २.६.४ पासून आहे. नवं एसएसएच ही गोष्ट आपोआप पलीकडे कळवतं, त्यासाठीचं मानक आरएफसी ८१६०, आणि ते लिहिणाऱ्यांत पुटीचे कर्ते सायमन टॅथम आहेत. त्या मुलाकडे जोडणीचा कुठलातरी जुना प्रोग्रॅम होता, त्यात हे नव्हतं. असे अर्धवट बाइट राहिले की पुढे 'ग्रेप' ही शोधाची आज्ञा त्या फायलीला बायनरी म्हणून मोकळी होते आणि शोधलेली ओळ दाखवतच नाही.

आणि एवढं सगळं नीट बसवूनही टर्मिनलवर मराठी सुंदर दिसत नाही, हे मॅडमना स्पष्ट सांगावं लागलं. टर्मिनल म्हणजे चौकटींचा कागद. प्रत्येक चिन्हाला शून्य, एक किंवा दोन घरं. उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांना शून्य घर मिळतं, पण काना आणि दोन्ही वेलांट्या यांना एकेक. 'किल्ला' लिहिलं की हिशेबाने पाच घरं अडतात, आणि फॉन्टला लागतात त्याहून कमी. पहिली वेलांटी तर बाइटमध्ये अक्षरानंतर येते आणि दिसायला हवी आधी. काही टर्मिनलं ती जुळवणी करतच नाहीत, 'कि'ची वेलांटी पुढच्या ल वर जाऊन बसते. एमएलटर्म हे टर्मिनल भारतीय लिप्यांचा विचार करून केलेलं आहे, त्यात पुष्कळ बरं दिसतं. लोहित किंवा नोटोचा देवनागरी फॉन्ट असला की वाचण्याइतपत काम होतं. पण ओळ दुरुस्त करताना कर्सर एका अक्षरावर आणि खोडलं जातं भलतंच, हे होतंच. नोंदी भरायच्या ब्राउझरमध्ये, टर्मिनलवर फक्त तपासायचं, असा नियम आम्ही केला. लिनक्सच्या मूळ काळ्या कन्सोलवर तर प्रयत्नही करू नये. तिथल्या फॉन्टला ५१२ चिन्हांची मर्यादा आहे आणि जोडाक्षरं जुळवणं त्या कन्सोलला ठाऊकच नाही.

आता जुना डेटा. नव्वदच्या दशकातली सूची सीडीवर ठेवलेली होती. 'ओडी'ने पाहिलं तर 'पुणे'च्या जागी चारच बाइट: ३१० ३३५ ३०१ ३४१. म्हणजे इस्की, भारतीय मानक १३१९४, साल १९९१. आस्कीचा खालचा अर्धा भाग तसाच आणि वरच्या अर्ध्यात भारतीय अक्षरं, एका चिन्हाला एक बाइट. या कामात मोठा वाटा सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या जिस्ट गटाचा, आणि सी-डॅक १९८८ पासून आपल्या पुण्यातलंच. युनिकोडचा देवनागरी तक्ताही इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावरून आखलेला आहे. एवढं असून लिनक्सच्या नेहमीच्या 'आयकॉन्व्ह'ला इस्की येत नाही. तमिळची टिस्की यादीत आहे, इस्की नाही! याचा मला आजही राग आहे. आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या लायब्ररीबरोबर येणारं 'यूकॉन्व्ह' मात्र इस्की वाचतं, आवृत्ती शून्य म्हणजे देवनागरी असं त्याला सांगावं लागतं. जावामध्येही सोय आहे.

रूपांतर पटकन झालं, पण बाइट तिप्पट झाले. जुन्या नोंदीत शीर्षकाला ठराविक रुंदी होती आणि स्क्रिप्टा 'कट'ने ठराविक स्थानावर तोडत होत्या. डेबियनच्या 'कट'ला अक्षराचा पर्याय दिला तरी ते बाइटच मोजतं. त्यामुळे शीर्षक अक्षराच्या पोटात तुटून शेवटी काळा चौकोन. तो भाग मी 'गॉक' या मजकूर हाताळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये लिहिला, ते यूटीएफ-८ लोकेलमध्ये चिन्हं मोजतं. त्याच जातीचं, डेबियनवर आधीपासून असणारं 'मॉक' नाही चालत, तेही बाइट मोजतं.

एवढं झाल्यावर मॅडमनी 'वऱ्हाड' शोधलं. सूचीत पुस्तकं होती, शोधात अर्धीच आली. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब. 'ओडी'ने पाहिलं तर एकात पायमोडक्या र साठी युनिकोडचा वेगळा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, ३४२ २०० २१५. इस्कीत हलन्तानंतर नुक्ता दिला की मऊ हलन्त होतो आणि रूपांतरात त्याचा हा जोडक बनतो. जुन्या नोंदी तशा आलेल्या, नव्या नोंदी आजच्या कीबोर्डवरून. युनिकोडचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्याच्या दृष्टीने ती वेगळीच आहेत. 'ॲ'चंही तेच. स्वतंत्र ॲ २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला, त्याआधीची मंडळी अ वर चंद्र देत. त्यामुळे 'ॲडम' दोन ठिकाणी. भरताना जुनी रूपं बदलून नवी करणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, आणि शोधाच्या खिडकीत आलेला शब्दही त्याच स्क्रिप्टमधून जातो. लोकेल कितीही बरोबर लावली तरी हे काम ती करत नाही.

क्रमवारीवर मॅडम हटून बसल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. बाइटच्या क्रमाने 'क्षीरसागर' क च्या बाराखडीनंतर पण 'खरे'च्या आधी येतो, आणि 'काळे' 'काशीकर'च्या आधी. लाकडी खणांतली कार्डं मात्र शाळेतल्या वर्णमालेप्रमाणे लावलेली: ह, ळ, क्ष, ज्ञ. "वाचक आधी खणात बघतात, मग कॉम्प्युटरवर," त्या म्हणाल्या, "दोन्हीकडे क्षीरसागर एकाच जागी सापडले पाहिजेत." सिस्टीमच्या लोकेलच्या क्रमवारीवर विसंबणं मला नको होतं. जीएनयू सी लायब्ररीने २०१८ मध्ये २.२८ आवृत्तीत क्रमवारीचे तक्ते बदलले, तेव्हा अपग्रेडनंतर पोस्टग्रेस या डेटाबेसचे मजकुरावर बांधलेले इंडेक्स जुळेनासे झाले होते. म्हणून छापील यादीसाठी आयसीयूला नियमच लिहून दिला: ह नंतर ळ, त्यानंतर क्ष, त्यानंतर ज्ञ. बाकी सगळीकडे बाइटचा क्रम. 'सॉर्ट' (क्रम लावणारी आज्ञा) आणि 'जॉइन' (क्रमाने लावलेल्या दोन फायली जोडणारी) एकाच स्क्रिप्टमध्ये असतील तर दोघांनाही तो एकच क्रम द्यायचा, नाहीतर 'जॉइन' फाइल क्रमाने नाही म्हणून कुरकुरतं.

राहिलं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारा प्रोग्रॅम. रात्री थकीत पुस्तकांची यादी मेलने जायची, तीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हं. हातानं चालवली की ठीक. क्रॉन तुमचं लॉगिनचं वातावरण घेत नाही, म्हणून क्रॉनटॅबच्या, म्हणजे त्याच्या कामांच्या यादीच्या, पहिल्या ओळीत लँग स्वतंत्र लिहावा लागला, आणि मेलच्या मथळ्यात अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचं सांगावं लागलं. आता यादी नीट जाते. सीडीवरच्या काही नोंदी इस्कीतही नव्हत्या, त्या कुठल्याशा फॉन्टच्या जोरावर मराठी दिसणाऱ्या रोमन अक्षरांत होत्या. तो फॉन्ट ग्रंथालयात कुणाकडेच उरलेला नाही, तेव्हा त्या नोंदी मॅडम मूळ कार्डांवरून पुन्हा टाइप करताहेत.